कानतुटे

आमच्या गावात हॉटेलवाल्याला कानतुटा म्हणतात. शिवी म्हणून नव्हे, धंद्याचं नाव म्हणून. कपडे शिवणाऱ्याला शिंपी म्हणावं, तसं. स्टेशनवर उतरून कुणी विचारलं की राहायची सोय कुठे होईल, तर हमाल सांगतो, सरळ जा, दवाखान्यापासून डावीकडे वळलं की कानतुट्यांची गल्ली. आमच्या संघटनेच्या पाटीवर 'निवास व्यावसायिक' असं छापलंय, पण ती पाटी आजवर कुणी वाचल्याचं मला माहीत नाही. मला दोन्ही कान आहेत. गिऱ्हाइकाने काउंटरवर वाकून ते मोजायचे, हा विनोद मी पंचवीस वर्षं ऐकतेय. पहिली दहा वर्षं हसत होते. आता खोलीची चावी जरा जोरात आपटते.

हा शब्द आला कुठून, यावरून आमच्याच घरात दोन पक्ष होते. एक बाबांचा, दुसरा त्यांच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे माझ्या आत्याचा. आत्या हॉटेलचं स्वयंपाकघर सांभाळायची आणि भावाचं एकही वाक्य पुरं होऊ द्यायची नाही.

बाबा सांगायचे ते असं. त्यांच्या आजोबांच्या वेळी या गल्लीत एकाच घरी वाटसरूला खाट मिळायची, ती आमच्या. एका दुपारी चार माणसं कोयते घेऊन आली आणि उतरलेल्या एका पाहुण्याची चौकशी करू लागली. आजोबा म्हणाले, माहीत नाही. त्यांनी आजोबांचा उजवा कान कापून ओट्यावर ठेवला आणि पुन्हा विचारलं. आजोबा म्हणाले, माहीत नाही. मग डावा. रक्ताने पायऱ्या भिजल्या, तरी तेच उत्तर. शेवटी ती माणसं कंटाळून निघून गेली. बाबा 'कंटाळून' हा शब्द इतक्या ऐटीत म्हणायचे, की जणू ते स्वतः ओट्यावर बसून बघत होते.

आत्या म्हणायची, कसले कोयते आणि कसलं काय. म्हातारा पक्का भोचक होता. पाहुण्यांच्या दाराला कान लावून बसायचा आणि ऐकलेलं बाजारात नेऊन विकायचा. एका व्यापाऱ्याला संशय आला, त्याने दाराच्या फटीतून सुरी घातली आणि पलीकडे टेकलेला कान उतरवला. दुसरा कान? तो दुसऱ्या व्यापाऱ्याने. खोड जाते थोडीच. हे ऐकून बाबा ताटावरून उठायचे, आणि मी आत्याच्या बाजूने हसायचे. खरं सांगायचं तर मला आत्याचंच पटायचं. काउंटरवर पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला हॉटेलवाल्यांच्या शौर्याच्या गोष्टी पचत नाहीत.

पुढचं सगळं घडलं त्याच महिन्यात आमच्या शाळेतले निवृत्त गुरुजी वही घेऊन आले होते. गावातल्या शब्दांचं एक पुस्तक करत होते. त्यांनी दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या आणि स्वतःची तिसरी पुढे केली, की पूर्वीचे हॉटेलवाले श्रीमंत, कानात जड बाळ्या घालायचे, त्याने पाळ्या फाटायच्या. बाबा आणि आत्या आयुष्यात पहिल्यांदा एकमताने त्यांच्यावर तुटून पडले. गुरुजींनी 'कानतुटा' या शब्दापुढची जागा कोरी ठेवली आणि पुन्हा येईन म्हणून गेले.

बाबांची आणखी एक तऱ्हा इथेच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्यापाशी येऊन अडकतं. पाहुण्याला ज्या गादीवर झोपवतो तिच्यावर आपण आधी झोपावं, असा त्यांचा नियम होता. रोज दुपारी जेवण झालं की ते एखाद्या रिकाम्या खोलीत शिरायचे. चपला दाराबाहेर, पडदा ओढलेला, आतून कडी, डोक्यावरून चादर, आणि तासभर झोप. रोज नवी खोली. सगळ्या कुलपांना लागणारी चावी त्यांच्या करगोट्यालाच बांधलेली असायची, त्यामुळे काउंटरमागच्या फळीवर त्या खोलीची चावी आपली खुंटीवरच असायची. उठले की माझ्यासाठी यादी तयार. तीनचा नळ ठिबकतो, सातचा पलंग कुरकुरतो, दहाच्या उशीला वास येतो. त्यांच्या या झोपेपायी माझ्या नाकी नऊ यायचे.

सोमवारी सकाळी साडेदहाला गाद्यांच्या कारखान्याला आग लागली. आमच्या अकराही खोल्यांतल्या गाद्या तिथल्याच होत्या. कापूस आणि फोम, पेटायला वेळ तो किती. पुढच्या दारात जाळ होता म्हणून माणसं मागच्या दाराकडे धावली, आणि मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. कामगार मधेच विडी ओढायला सटकतात म्हणून मुकादमाने आठ दिवसांपासून ते लावायला सुरुवात केली होती. चावी त्याच्या खिशात होती आणि तो समोरच्या टपरीवर चहा पीत होता. नऊ माणसं गेली. दार फोडलं तेव्हा ती दाराशी एकावर एक पडलेली होती आणि फळ्यांवर आतून नखांचे ओरखडे होते. दार फोडायला आमच्या सुतारकाकांना बोलावलं होतं. त्यांचे दोन्ही मुलगे त्या ढिगात होते.

दुपारपर्यंत गाव पेटलं. कारखान्याच्या रखवालदाराला दगडांनी इतकं मारलं की त्याचे पुढचे दात रस्त्यावर पडले, आणि तो बिचारा त्या दिवशी रजेवर होता. मुकादमाचं घर जाळलं. त्याच्या भावाला केसांना धरून चौकात ओढत आणलं, त्याचा पाय दगडावर ठेवला आणि दुसरा दगड वरून टाकला. मी हे आमच्या गच्चीवरून पाहिलं. पाय मोडण्याचा आवाज आमच्यापर्यंत आला नाही, पण गर्दी एकदम गप्प झाली त्यावरून कळलं.

मंगळवारी सकाळी सहाला मुकादम आमच्या काउंटरसमोर उभा होता. भुवया जळलेल्या, अंगावर कुणाचा तरी सदरा. नोंदवहीत त्याने स्वतःचं खरं नाव लिहिलं. बाबांनी त्याला वरच्या मजल्यावरची नऊ नंबरची खोली दिली, कारण तिच्या बाजूलाच मागचा जिना आहे. मी बाबांना स्वयंपाकघरात ओढलं आणि म्हटलं, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का. नऊ माणसं मारलीत याने. बाबा म्हणाले, खोली मागितली, होती, दिली. मी म्हटलं, पोलिसांना कळवा. ते म्हणाले, कळवलंय, पण जिल्ह्याला. इथल्या चौकीत दोन हवालदार, एकाचा भाचा गेलाय आणि एकाचा साडू, त्यांच्या ताब्यात दिला तर हा चौकीच्या पायरीपर्यंतही पोचणार नाही. जिल्ह्याची गाडी गुरुवारी संध्याकाळी पाचला येणार होती. तोवर तो आमचा पाहुणा.

तीन दिवस मी त्याचं ताट दारापाशी ठेवायचे आणि दोन पायऱ्या खाली येऊन थुंकायचे. सुतारकाकांचा धाकटा मुलगा या गाद्या डोक्यावर घेऊन जिना चढायचा, गात गात, प्रत्येक वळणावर भिंतीला धडकत. त्याने धडकून पाडलेला पोपडा अजून तिथे आहे. मला मुकादमाची दया आली नाही, आजही येत नाही. माझं चाललं असतं तर मी त्याला मंगळवारीच गल्लीत उभा केला असता.

गुरुवारी सकाळी मुकादम आमच्याकडे असल्याची कुणकुण गावात पोचली, आणि तीन वाजून दहा मिनिटांनी माणसं आली. सातजण होते. पुढे सुतारकाका, हातात पहार. त्यांच्यामागे वेल्डर, ज्याची बायको त्या कारखान्यात खोळी शिवायची. बाकीच्यांनाही मी ओळखत होते, त्यातल्या दोघांच्या लग्नाचं वऱ्हाड आमच्याकडेच उतरलं होतं. कुणी आरडाओरडा केला नाही. एकाने पुढचं दार लावून घेतलं, एकाने फोनची तार उपटली. आत्या स्वयंपाकघरातून डोकावली, तिला आत ढकलून बाहेरून कडी घातली.

सुतारकाका म्हणाले, "पोरी, तो कुठल्या खोलीत आहे तेवढं सांग. मला तुझं काही करायचं नाही."

मी म्हटलं, कोण. धंद्याची सवय. कुणी पाहुण्याची चौकशी केली की आधी कोण म्हणायचं आणि विचारणाऱ्याच्या चपलांकडे बघायचं, फळीकडे नजर जाऊ द्यायची नाही, हे मी सहा वर्षांची असल्यापासून शिकलेय. वेल्डर काउंटरवरून उडी मारून आत आला. त्याने माझा अंबाडा मुठीत धरला आणि माझं तोंड नोंदवहीवर आपटलं. नाकातून रक्त आलं आणि त्या पानावरच्या नावांवर पसरलं. मुकादमाचं नाव नेमकं आदल्या पानावर होतं. त्याने पुन्हा आपटलं. मग माझा डावा हात धरून गल्ल्याच्या खणात घातला आणि खण पोटाने ढकलून बंद केला.

दोन बोटं गेली. म्हणजे आहेत, पण वळत नाहीत. त्या वेळी आधी आवाज कळला आणि मग दुखणं आलं, आणि ते आलं तसं डोळ्यांपुढे काळं झालं. सुतारकाका म्हणाले, "पुरे." वेल्डरने खण पुन्हा उघडला, अजून एकदा लावायला.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण यावरून पुढे फार बोललं गेलं. मी नऊ म्हणणार होते. सकाळपासून मनात तेच होतं, ही माणसं आली तर नऊ म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. पण त्याने माझी बोटं चिरडली, आणि माझं टाळकं सटकलं. आता यांच्या मनासारखं होऊ द्यायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. त्यात मुकादमाला वाचवण्याचा विचार तिळभरही नव्हता. मी फळीकडे पाहिलं. खुंट्यांवर तीन चाव्या होत्या, दोन, चार आणि सात. खुंटीवर चावी म्हणजे खोली रिकामी. त्यातली चार सगळ्यांत लांब, खालच्या बोळाच्या टोकाला, स्वयंपाकघराच्याही पलीकडे.

मी मोठ्याने म्हटलं, "चार."

सुतारकाकांनी फळीकडे पाहिलं. ती फळी त्यांनीच केलेली, खुंट्यासुद्धा त्यांच्याच हातच्या. म्हणाले, चारची चावी तर खुंटीवर आहे. मी म्हटलं, म्हणूनच ठेवलीय, कुणाला संशय नको. त्याला आत घालून बाहेरून कुलूप लावलंय.

"बाहेरून कुलूप," सुतारकाका म्हणाले. त्यांनी पहार दुसऱ्या हातात घेतली. "बरं केलंत. त्यालाही कळू दे."

आणि चावी न घेताच ते बोळात वळले. वेल्डर तेवढा माझ्यापाशी राहिला, एका हाताने माझं तोंड दाबून, दुसऱ्याने दंड पिरगाळून.

दार फुटल्याचा आवाज आला, तीन घावांत. सागाचं दार होतं, त्यांनीच बसवलेलं, कुठे घाव घालायचा ते त्यांना ठाऊक. मग मारायला सुरुवात झाली. गाद्या उन्हात टाकून काठीने झोडतात तसा आवाज येत होता, धप, धप, एकामागून एक. ओरडणं नाही, विव्हळणं नाही. मला वाटलं, खोली रिकामी बघून संतापाने गादीच झोडपतायत. खरं सांगते, त्या वेल्डरच्या घामट हाताखाली मला हसू येत होतं. झोडा म्हटलं, चारची गादी तशीही बदलायची होती.

मग आवाज बदलला. ओल्यावर मारल्यासारखा झाला. कुणाच्या तरी लाथेने दाराबाहेरची एक चप्पल उडाली आणि फरशीवरून घसरत बोळाच्या तोंडाशी आली. तपकिरी, अंगठ्याला निळा दोरा. तो दोरा मीच घातला होता, चपला नव्या घ्या म्हणून भांडून थकल्यावर.

जेवण झाल्यावर बाबा काउंटरवरून जाताना मला म्हणाले होते, जरा पडतो गं चारमध्ये, पाचला गाडी येईल. मी त्या वेळी धोब्याशी फोनवर भांडत होते, कमी आलेल्या चादरींवरून. मी मान हलवली होती. म्हणजे ऐकलं होतं. दोन्ही कानांनी ऐकलं होतं आणि तासाभरात साफ विसरले होते.

मी वेल्डरच्या तळहाताला चावले. दात हाडाला लागेपर्यंत चावले आणि सोडलं नाही. त्याने माझ्या डोक्यात बुक्क्या घातल्या, एक, दोन, तीन मोजल्या मी, आणि मग तोच किंचाळून मागे पडला. मी धावले. मागच्या जिन्याखालून जाताना वर पाहिलं तर मुकादम उतरत होता, बूट हातात घेऊन, पावलांचा आवाज न करता. आमची नजरानजर झाली. बोळातून येणारे आवाज त्यालाही ऐकू येत होते. तो मागच्या दाराने निघून गेला.

चारमध्ये पडदा ओढलेला होता. चादर डोक्यापासून पायापर्यंत तशीच होती, फक्त लाल. तिच्याखाली जो होता तो गुडघे पोटाशी घेऊन पडला होता आणि हूं की चूं करत नव्हता. सुतारकाकांची पहार वर उचललेली होती.

मी म्हटलं, "काका, ते बाबा आहेत."

ओरडले नाही. पहार खाली आली नाही. दुसऱ्या कुणीतरी चादर ओढली, आणि आत बाबा होते. जबडा एका बाजूला सरकलेला, उजवा डोळा दिसत नव्हता, डावा हात कोपराच्या अलीकडेच वळलेला. त्यांनी तोंडात चादरीचा बोळा कोंबून घेतला होता. तो मी काढला तेव्हा दोन दात त्याच्यासोबत आले. कान तेवढे शाबूत होते, दोन्ही.

सुतारकाकांनी पहार भिंतीला टेकवून ठेवली, हळू, पोपडा निघू नये अशी. मग फोडलेलं दार बिजागरीतून सोडवलं, जमिनीवर टाकलं आणि बाबांना त्याच्यावर उचलून ठेवलं. चौघांनी चार कोपरे धरले. एक कोपरा वेल्डरने धरला, त्याच्या हातातून रक्त गळत होतं आणि माझ्या हातातूनही. आम्ही तशी वरात घेऊन भर दुपारी गल्लीतून दवाखान्यात गेलो. सगळे कानतुटे आपापल्या दारात उभे होते. एकानेही काही विचारलं नाही.

पाचला जिल्ह्याची गाडी आली. मुकादम पुढच्या स्टेशनवर सापडला, नऊ नंबरची चावी त्याच्या खिशात होती. आमच्याकडे काय झालं म्हणून साहेबांनी विचारलं तेव्हा बाबांनी उजव्या हाताने लिहून दिलं, जिन्यावरून पडलो. साहेबांनी माझ्या नाकाकडे आणि बोटांकडे पाहिलं. मी म्हटलं, त्यांना सावरायला गेले, मीही पडले.

बाबांचा जबडा तारेने बांधला होता, त्यामुळे बोलणं बंद. मी त्यांना धोब्याच्या पावत्यांचा गठ्ठा दिला, मागची बाजू कोरी असते. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, तुम्ही ओरडला का नाहीत. एक हाक मारली असतीत तर सुतारकाकांनी तुमचा आवाज ओळखला असता. बाबांनी बराच वेळ लिहिलं. मला वाटलं, मोठं काहीतरी असेल. तीनच ओळी होत्या.

'ऐकलं मी. तू चार म्हणालीस. हाक मारली असती तर तुझी चाल फुकट गेली असती.'

मला आधी कळलंच नाही. चारच्या वरच्या झरोक्यातून काउंटरवरचं बोलणं ऐकू येतं, हे त्यांच्याच यादीत कधीतरी आलं होतं. माझ्या मोठ्या आवाजाने त्यांना जाग आली होती. मुलीने त्यांचा नंबर दिल्याचं त्यांनी ऐकलं, आणि ती जाणूनबुजून देतेय असं धरून चालले. चादर डोक्यावर ओढली, बोळा तोंडात कोंबला आणि वाट पाहत राहिले.

त्यांनी पावती माझ्याकडून परत घेतली आणि खाली आणखी लिहिलं. 'मला इतक्या पटकन सुचलं नसतं. वाटलं होतं तू आत्याच्या पार्टीतली.' आणि फुटक्या तोंडाने ते हसायचा प्रयत्न करू लागले, तार बोचेपर्यंत.

मी मान हलवली. माझी ती मान. आधी लक्ष न देता हलली होती, आता पुरतं ऐकून हलली.

बाबा अकरा दिवस जगले. आतून काहीतरी फुटलं होतं, डॉक्टरांना उशिरा कळलं. त्या अकरा दिवसांत जो भेटायला येईल त्याला ते ती पावती दाखवायचे, खाली आणखी लिहिलं होतं. माझी मुलगी. स्वतःच्या बापाचा नंबर दिला. खरी कानतुटी. आत्याने ती वाचली आणि पदर तोंडाला लावून बाहेर गेली. त्यानंतर दाराला कान लावणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट तिने पुन्हा काढली नाही. उलट बायकांना माझीच गोष्ट सांगायला लागली, मी फळीकडे कसं पाहिलं आणि काळजावर दगड ठेवून कसं चार म्हटलं. मी तिथेच भाजी निवडत बसलेली असायचे. रोज ठरवायचे, आज बाबांना सांगायचं. त्यांच्या उशाशी गेलं की ते माझ्या चिरडलेल्या बोटांवर आपला चांगला हात ठेवायचे, आणि माझी जीभ उचलायची नाही. बाराव्या दिवशी सांगायला कुणी उरलं नाही.

महिन्याने सुतारकाका चारचं नवं दार घेऊन आले. मी बोलावलं नव्हतं. बिजागऱ्या बसवून झाल्या, स्क्रू ओठांत धरलेले, तसेच माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला ठाऊक होतं?"

त्यांनी ओठांतले स्क्रू काढून हातात घेतले.

"माझी दोन गेली. मग मी तुझ्या बापाला मारलं. ते माझ्या पदरी आहेच. पण तू जाणून मला त्यांच्यावर सोडलंस का, तेवढं सांग. मला झोप नाही."

मी म्हटलं, "विसरले होते, काका. मला वाटलं खोली रिकामी आहे."

ते उंबऱ्यावर बसले आणि रडले. मुलं जळाल्यावर रडले नव्हते म्हणे, ते सगळं तिथे रडले, कंबरेतून वाकून, लाकडाच्या भुशात. मी त्यांच्या शेजारी बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, हे बापाला सांगितलंस का. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, बरं केलंस, सांगायला नकोच होतं. मग उठून त्यांनी उरलेले स्क्रू बसवले, दार दोनदा उघडून मिटून पाहिलं आणि गेले.

त्याच आठवड्यात गुरुजी वही घेऊन आले. गावभर झालेली गोष्ट त्यांच्या कानावर गेलेली होतीच. म्हणाले, आता प्रश्नच मिटला, तुझ्या पणजोबांची गोष्ट खरी, तू ती सिद्धच करून दाखवलीस. तेवढी कोरी जागा भरायची आहे, तुझ्या तोंडून सांग. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

मी पणजोबांचा विचार करत होते. कोयते घेतलेली चार माणसं, भिजलेल्या पायऱ्या, ओट्यावरचा कान. पहिल्यांदा विचारलं, माहीत नाही. दुसऱ्यांदा विचारलं, माहीत नाही. इतकी वर्षं बाबा ते सांगत आले आणि इतकी वर्षं आत्या त्याला हसत आली, पण जे त्या शब्दांत उघड होतं ते आम्हा तिघांपैकी कुणालाही सुचलं नव्हतं. त्या पणजोबाला खरंच माहीत नसेल. पाहुणा कुठल्या खाटेवर आहे ते घरातल्या कुणीतरी दुपारी सांगितलं असेल, त्याने मान हलवली असेल आणि विसरला असेल. कान गेल्यावर घरची माणसं रडत त्याच्याभोवती जमली असतील, केवढं धैर्य म्हणाली असतील, आणि त्याने पुन्हा मान हलवली असेल.

गुरुजी पेन धरून थांबले होते. फळीवर नऊ नंबरची खुंटी रिकामीच होती, ती चावी पोलिसांनी अजून परत केलेली नाही.

"बाबा सांगायचे तेच लिहा," मी म्हटलं, आणि त्यांच्या चपलांकडे बघत राहिले.